चिकटराव

थंडीत त्याचा तुकडा हातात घ्या. कडक आणि ठिसूळ; बोटांनी दाबलात तर भुगा होतो. तोच तुकडा वैशाखातल्या दुपारी हाताळा आणि मग पस्तावा. बोटांना असा धरतो की साबणही हात टेकतो. शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवावा लागतो, तेव्हा कुठे सुटका होते. रंगाचं विचाराल तर एक उत्तर नाही. युरोपात तपकिरी नाहीतर पिवळट, ब्राझीलच्या एका भागात हिरवट आणि दुसऱ्या भागात लालभडक. वास राळेचा, त्यात थोडं मेण, थोडा मध. चव कडवट, जीभ किंचित बधिर करणारी.

नाव प्रोपोलिस. मधपेट्या सांभाळणारे लोक याच्यावर कायम करवादलेले असतात. झाकण आणि पेटी, चौकट आणि चौकट, जिथे फट दिसेल तिथे हा जाऊन बसतो. मग पेटी उघडायची तर लोखंडी पट्टी खुपसायची, जोर लावायचा आणि कडाड आवाज झाला की समजायचं, निघालं. चिकटराव म्हणून हाक मारली असती तर शोभलं असतं. गेल्या शतकात मधमाश्यांची पैदास करताना प्रोपोलिस कमी आणणाऱ्या वसाहतींना पसंती मिळत गेली, ती याच वैतागातून.

माश्यांचं मत मात्र वेगळं आहे. त्यांच्या घरात हा गवंडी आहे, रंगारी आहे आणि वैद्यही आहे. भेगा बुजवायच्या तर हा. हिवाळ्याच्या तोंडावर दार लहान करायचं तर हा. भिंतींना आतून पातळ लेप द्यायचा तर हाच. एखादा उंदीर पोळ्यात शिरला आणि डंखांनी मेला, तर तेवढं धूड बाहेर ओढून नेणं माश्यांच्या आवाक्यातलं नसतं. मग त्या त्याला जागच्या जागी प्रोपोलिसने लिंपून टाकतात. उंदीर आत सुकत राहतो, पण सडत नाही आणि घरात घाण सुटत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या मार्ला स्पिव्हाक यांच्या गटाने पेट्यांना आतून प्रोपोलिसचा अर्क फासून पाहिला. २००९ साली त्यांनी जे छापलं त्याचा सारांश असा, की अशा पेटीतल्या माश्यांच्या अंगावर जंतूंचा भार कमी होता आणि त्यांच्या प्रतिकारयंत्रणेला कमी राबावं लागत होतं. पुढे २०१२ साली याच गटाला दिसलं, की अळ्यांना बुरशीचा रोग लागला की वसाहत राळ आणायला जास्त माश्या धाडते. दुखणं आल्यावर वैद्याला बोलावणं धाडावं, तसं.

माणसांनीही त्याला फार पूर्वीच हेरलं होतं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वॅरो या रोमन लेखकाने शेतीवरच्या ग्रंथात नोंदवून ठेवलंय, की वैद्य याचे लेप करतात आणि म्हणून रोमच्या बाजारात याला मधापेक्षाही चढा भाव मिळतो. म्हणजे गृहस्थ जुना, नावाजलेला आणि महागही. तरी याचं मूळ गाव कोणतं, आईबाप कोण, हे विसाव्या शतकापर्यंत कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मध माशी करते. फुलातल्या रसावर तिच्या लाळेतल्या विकरांची प्रक्रिया होते, तेव्हा तो मध होतो. मेण तर तिच्या स्वतःच्या पोटाखालच्या ग्रंथींतून पाझरतं. प्रोपोलिसचं तसं नाही. तो जन्मतो झाडावर, माशी त्याला फक्त घरी आणते. कोवळ्या कळ्यांना आणि पालवीला कीड, बुरशी, ऊन यांच्यापासून जपायला झाड चिकट राळ पाझरवतं. झाडाने स्वतःसाठी केलेलं हे औषध माशी सरळ उचलून आणते.

ही उचलेगिरी जवळून बघण्यासारखी असते. उबदार दुपार लागते, कारण गारठ्यात राळ निघत नाही. काळ्या पॉप्लरच्या कळीवर माशी बसते, जबड्याने चिकट थर चावते, मान मागे खेचते. राळेचा धागा ताणला जातो आणि तुटतो. तो तुकडा पुढच्या पायांनी मळून मधल्या पायाकडे जातो आणि तिथून मागच्या पायावरच्या टोपलीत, एरवी जिथे पराग भरतात तिथे. मग पुन्हा चावा, पुन्हा ओढ. दोन्ही पायांवर चकचकीत गोळे घेऊन ती पोळ्यात पोचते आणि अडकते. परागाचं ओझं तिला स्वतः उतरवता येतं, हे येत नाही. जिथे लिंपण चाललंय तिथे जाऊन ती उभी राहते आणि घरातल्या दुसऱ्या माश्या तिच्या पायांवरून लचके तोडून घेतात. कधीकधी त्यात तास न् तास जातात. आणणारी चिकटून उभी, घेणाऱ्या आपल्या सवडीने घेताहेत. त्यातच थोडं मेण मिसळलं जातं. सर्वसाधारण नमुन्यात निम्मी राळ, तीस टक्के मेण, दहाएक टक्के सुगंधी तेलं, पाचेक टक्के पराग आणि उरलेलं किरकोळ, असा हिशेब पुस्तकांत असतो.

मग याचं झाड ओळखायचं कसं? माशीमागे धावून दरवेळी कळत नाही. ती कोसभर लांब जाते आणि राळ आणणाऱ्या माश्या वसाहतीत असतातही थोड्याच. प्रोपोलिसात सापडणाऱ्या परागावरून ओळखावं, तर तो साक्षीदार खोटा. पराग येतो फुलांतून, राळ येते कळीतून. एका झाडाची राळ आणि दुसऱ्याच झाडाचा पराग एकाच गोळ्यात सुखाने नांदतात. राहतं रसायनशास्त्र. माशी राळेत फारसा बदल करत नाही, यावर सगळी भिस्त. पोळ्यातल्या राळेतली संयुगं आणि परिसरातल्या झाडांच्या राळेतली संयुगं शेजारी शेजारी ठेवायची. जुळली, की कुळ सापडलं.

प्रयोगशाळेत याची उलटतपासणी अशी चालते. आधी त्याला गोठवतात, कारण गोठल्याशिवाय हा दळला जात नाही. मग भुकटी करून सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये भिजवतात, गाळतात, पुन्हा थंड करून मेण खाली बसवतात. उरतो लालसर तपकिरी अर्क. त्याचे बारीक पट्टे सिलिका लावलेल्या काचेवर ओढून काच द्रावकात उभी करायची. द्रावक वर चढत जातो आणि अर्कातली संयुगं आपापल्या वकुबाप्रमाणे त्याच्याबरोबर कमीजास्त उंचीवर जाऊन थांबतात. साध्या उजेडात काचेवर फारसं काही दिसत नाही. तिच्यावर एका रसायनाचा फवारा मारून ती अतिनील दिव्याखाली धरली, की चिकटरावाचं सोंग उतरतं. पट्टे पेटल्यासारखे उजळतात, कुठे नारिंगी, कुठे निळे. जर्मनीतल्या नमुन्यांवर काम करणाऱ्यांनी यावरूनच दोन घराणी वेगळी काढली. नारिंगी घराणं काळ्या पॉप्लरचं आणि निळं घराणं त्याच्याच कुळातल्या अॅस्पेनचं. डोळ्यांना दोन्ही गोळे सारखेच तपकिरी.

एवढ्यावर समाधान झालं नाही तर पुढची पायरी. अर्कातली संयुगं एका लांब नळीतून एकेक करून बाहेर काढायची आणि प्रत्येकाचं वजन करायचं. क्रायसिनचं रेणुवस्तुमान २५४, पिनोसेंब्रिनचं २५६. फरक दोन हायड्रोजनांचा, पण यंत्राच्या नजरेतून सुटत नाही. गॅलँजिन २७०. कॅफेइक आम्लाचं फेनेथिल एस्टर २८४. ही चौकडी एकत्र सापडली की पॉप्लर हे उत्तर जवळजवळ ठरलेलं. ऑक्सफर्डमध्ये ग्रीनअवे आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली पॉप्लरच्या कळ्यांचा स्राव आणि प्रोपोलिस याच पद्धतीने ताडून पाहिले आणि दोघांचं नातं यादीसकट मांडलं. बल्गेरियात सोफियाच्या वासिया बांकोवा यांनी तर आपली कारकीर्दच या गृहस्थाची वंशावळ लावण्यात घातली.

युरोपातलं कोडं सुटल्यावर लोकांना वाटलं, झालं, प्रोपोलिस म्हणजे पॉप्लर. मग ब्राझीलचे नमुने टेबलावर आले आणि ही चौकडी त्यांत जवळपास नव्हतीच. उष्ण कटिबंधात पॉप्लर आणायचं कुठून? माशी तीच, सवय तीच, पण झाडं निराळी. मिनास जेराइस राज्यातल्या हिरव्या प्रोपोलिसात सापडलं ३०० रेणुवस्तुमानाचं आर्टेपिलिन सी. ते आलं बॅकॅरिस ड्रॅकन्क्युलिफोलिया या झुडपातून. सूर्यफुलाच्या कुळातलं हे झुडूप तिथे माळावर रानटी माजतं. २००३ साली जपानच्या शिगेनोरी कुमाझावा यांच्या गटाने दुहेरी पुरावा दिला. माश्या या झुडपाचे कोवळे शेंडे जबड्याने कातरून नेताना त्यांनी पाहिल्या, आणि शेंड्यांचं व पोळ्यातल्या गोळ्याचं रसायन जुळवूनही दाखवलं. हिरव्या रंगाचं गूढही त्यात उकललं. इथे माशी नुसती राळ नेत नाही, पालवीचे कण नेते, त्यांतलं हरितद्रव्य गोळ्यात उतरतं.

लाल भावाची कथा आणखी रंगतदार आहे. तो ईशान्य ब्राझीलमधल्या अलागोआस राज्याच्या खाजणकाठचा. तिथे डॅल्बर्जिया एकॅस्टाफायलम नावाचं झुडूप असतं, आपल्या शिसवीच्या कुळातलं. किड्यांनी त्याचं खोड पोखरलं की भोकांतून तांबडा स्राव गळतो आणि माश्या तो चाटूनपुसून नेतात. त्यात शेंगांच्या कुळाला साजेशी आयसोफ्लाव्होनं असतात, फॉर्मोनोनेटिन त्यांतलं एक. झाड पक्कं झालं, मग गावही पक्कं झालं. २०१२ साली अलागोआसच्या लाल प्रोपोलिसला भौगोलिक मानांकन मिळालं.

क्युबात गेलात तर हा क्लुसिया रोझिया या झाडाच्या फुलांतली राळ अंगावर घेऊन भेटतो आणि नेमोरोसोन नावाचं संयुग बाळगतो. रशियाच्या उत्तरेला बर्चचा होतो, भूमध्य समुद्राकाठी सायप्रस नावाच्या झाडाचा. जपानच्या ओकिनावा बेटावर मॅकरँगा टॅनॅरिअसच्या फळांवरून खरवडून आणलेला असतो. सह्याद्रीत जो चांदाडा आपण पाहतो त्याचा हा भाऊबंद. आणि जावा बेटावरच्या नमुन्यांनी मराठी माणसाला ओळखीचा धक्का दिला असता. त्यांत सापडली आंब्याची संयुगं. कैरी तोडताना देठातून उडणारा चीक ओठांना लागला की ओठ उततात. त्या चिकात जी अल्किल रेसॉर्सिनॉलं असतात, त्यांच्याच घराण्यातली मंडळी तिथल्या प्रोपोलिसात होती.

इतकी घराणी, इतकी वेगळी रसायनं. तरी चाकरीत फरक नाही. बांकोवा यांच्या गटाने वेगवेगळ्या देशांतले नमुने जंतूंवर आणि बुरशीवर लावून पाहिले, तेव्हा सगळेच कमीअधिक गुणकारी निघाले. पॉप्लरचा फ्लाव्होनॉइडांनी लढतो, क्युबाचा बेंझोफिनोनांनी, मिनासचा आर्टेपिलिनने. हत्यार ज्याचं त्याचं, युद्ध एकच. माशीला एवढं पुरतं. तिला नाव नको, सूत्र नको; चिकटलं पाहिजे आणि सडलं नाही पाहिजे, बस.

माणसाचं मात्र एवढ्यावर भागत नाही. एका प्रोपोलिसवर केलेला प्रयोग दुसऱ्याला लागू करता येत नाही, कारण दोघांत नावापलीकडे काही समान नसू शकतं. पॉप्लरच्या प्रोपोलिसने काही जणांच्या कातडीला पुरळ उठतं, ते त्यातल्या कॅफेइक आम्लाच्या एस्टरांमुळे. ज्या घराण्यात ती नाहीत तिथे हा दोष लावता येत नाही, तिथे दुसराच दोष असू शकतो. बांकोवा यांनी २००५ साली हाच मुद्दा लावून धरला: आधी घराणं ठरवा, मग त्या घराण्याची मोजपट्टी ठरवा. सगळ्या प्रोपोलिसला एकच मोजपट्टी लावणं म्हणजे मोजणंच नव्हे.

ओळख पक्की झाली की तोतयेही येतात. पॉप्लरचं आणि प्रोपोलिसचं रसायन इतकं जुळतं, हे कळल्यावर चीनमधल्या काही चलाख व्यापाऱ्यांनी मधली माशीच वगळली. पॉप्लरच्या कळ्या उकळून काळा चिकट गोळा केला आणि तो प्रोपोलिस म्हणून बाजारात आणला. फ्लाव्होनॉइडं मोजली तर बरोबर, चौकडी हजर. आता पकडायचं कसं? चिनी संशोधकांनी २०११ साली धागा शोधला तो सॅलिसिन या संयुगाचा. पॉप्लरच्या कळीत ते असतं. माशी राळ मळते तेव्हा तिच्या लाळेतलं विकर त्याचे दोन तुकडे करतं, त्यामुळे खऱ्या प्रोपोलिसात ते सापडत नाही. उकळलेल्या गोळ्यात ते तसंच राहतं. माशी राळेला फारसं काही करत नाही हे खरंच. जे थोडं करते, तेवढ्यावर तोतया उघडा पडला.

स्वतः चिकटरावही काही धुतल्या तांदळासारखा नाही. झाडं कमी असलेल्या जागी त्याला आणणारी माशी काय वाटेल ते उचलते. रस्त्यावरचं तापलेलं डांबर, खिडकीचा ओला रंग, जे चिकट ते चालतं. असा गोळा दिसायला रीतसर प्रोपोलिस, पण आत खनिज तेलाचे अंश नाहीतर शिसं. डोळे इथेही फसतात. यंत्र फसत नाही, फक्त त्याला विचारावं लागतं.

आपल्याकडे याचं बस्तान कसं आहे? महाबळेश्वरकडच्या पेट्यांत सातेरी माशी असते आणि सातेरी याला घरात जवळपास घेतच नाही. फटी बुजवायच्या तर ती मेणानेच बुजवते. मेलिफेरा ही परदेशातून आलेली पेटीतली माशी मात्र मनापासून घेते. फुलोरी माशीचं एकच इवलं पोळं उघड्या फांदीला लटकतं. ती फांदीच्या दोन्ही अंगांना चिकट राळेचं कडं करते आणि मुंग्यांची वाट अडवते. खरं दर्दी घराणं आहे ते बिननांगीच्या ट्रायगोनाचं. जुन्या भिंतीच्या भोकातून, झाडाच्या ढोलीतून राळेची नळी बाहेर काढून बसणारी ती बारकी काळी माशी. तिचं अख्खं घरच मेण आणि राळ कालवून बांधलेलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकवैद्यकात हिचा प्रोपोलिस वापरला जातो, आणि २०१२ साली पुण्यातल्या संशोधकांनी त्याची जंतुनाशक ताकद तपासून छापली. म्हणजे आपल्या गावातही हा गृहस्थ राहतो. त्याचा पत्ता आपण फारसा कुणाला विचारलेला नाही, एवढंच.

औषधाच्या दुकानात हल्ली प्रोपोलिसचे थेंब, फवारे, गोळ्या मिळतात. बाटलीवर देश लिहिलेला असतो, टक्केवारी असते, मधमाशीचं चित्रही असतं. झाडाचं नाव बहुधा नसतं. ते नसेल तर आत काय आहे हे बाटलीलाच माहीत नाही असं समजावं. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला, नाहीतर कंपनीला, एकच प्रश्न विचारा: हा कोणत्या झाडाचा? उत्तर देता येत नसेल तर बाटली परत फळीवर ठेवा.